*पावसाळाभर पडून असलेला स्प्रिंकलर सेट चन्याच्या पहिल्या ओलिताआधी असा तयार करा*



सोयाबीन निघालं, वावरं मोकळी झाली, चन्याची पेरणी चालू आहे. आता थोड्याच दिवसांत ओलिताची घाई सुरू होईल. तेव्हा पाईप कुठे, रबर कुठे, नोझल कोण घेऊन गेलं, अशी धावपळ होते. म्हणून आजचा मेसेज स्प्रिंकलर सेटबद्दल. मेसेज मोठा आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, नाहीतर घरातल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

मागच्या हंगामात आपल्याच एका सभासदाने सेट जसा होता तसा जोडला आणि मोटार चालू केली. शेवटचे चार नोझल नीट फिरत नव्हते. त्यांना वाटलं, लाईट कमी आहे. दोन ओलितं तशीच दिली. काढणीच्या वेळी मोटारीकडचा चना गुडघ्याच्या वर माजलेला आणि टोकाकडचा वीतभर, अर्धे घाटे पोचट. नंतर सेट खोलला, तर एका पाईपात उंदराने गवत भरलेलं आणि पाच जोडांवर रबर चिरलेले. एका सकाळचं काम होतं. नुकसान पूर्ण हंगामाचं झालं.

आपल्यापैकी कोणाचं असं होऊ नये म्हणून खालची कामं क्रमाने करा.

*१) पाईप उचलण्याआधी: साप, विंचू आणि वरची तार*

चार महिने धुऱ्यावर पडलेल्या पाईपांत साप, विंचू, गांधीलमाशी, उंदीर सगळं असू शकतं. सरळ हात घालू नका. आधी काठीने पाईप ठोका. मग एक टोक थोडं उचला आणि दुसरं टोक मोकळ्या जागेकडे ठेवा, म्हणजे आत काही असेल तर तिकडून निघून जाईल. पाईपाच्या तोंडासमोर कोणी उभं राहू नये. पायात बूट घाला. हे काम उजेडात करा, बॅटरी घेऊन रात्री नको. साप चावलाच तर चिरा देणं, करकचून बांधणं, मंत्र-तंत्र यात वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपला पाईप ६ मीटरचा, म्हणजे जवळजवळ २० फूट. आतली माती-पाणी काढायला आपण तो उभा करतो. वर विजेची तार असेल आणि पाईप तिला लागला, किंवा ओला पाईप तिच्या जवळ गेला, तरी जीव जाऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा पाईप असेल तर धोका आणखी जास्त. *तारेखाली पाईप कधीही उभा करायचा नाही.* दोघांनी दोन टोकं धरून आडवाच न्यायचा. नोझलचं पाणी तारेवर जाईल अशा जागी नोझलही लावायचा नाही.

*२) पाईप आणि रबर*

सगळे पाईप एका ओळीत मांडा आणि मोजा. मागच्या वर्षी किती होते ते आठवा. शेजाऱ्याकडे गेले असतील तर आताच आणा. ओलीत चालू झाल्यावर कोणी देत नाही.

प्रत्येक पाईपातून उजेडाकडे बघा. आरपार दिसलं पाहिजे. गवत, मातीचं घर दिसलं तर लांब काठीला कापड बांधून काढा आणि पाणी मारा.

मग हे बघा:
- उंदराने कुरतडलेलं किंवा उन्हाने तडकलेलं. बारीक चीर असली तरी दाबाने फाटते. असा पाईप बाजूला काढून वेल्डिंगला द्या. रबरी ट्यूब गुंडाळून हंगाम निघत नाही.
- लॅच, म्हणजे जोडाचा क्लॅम्प. वाकलेला असेल तर पाईप दाबाने सुटतो.
- रबर रिंग. काढून बोटाने ताणून बघा. चिरली, कडक झाली, सैल पडली तर बदला. चांगली असेल तर धुवा, खोबणीतली माती काढा आणि परत बसवा. बसवताना रबराचं तोंड जसं होतं तसंच ठेवा.

जोड सहज बसावा म्हणून रबराला ऑइल किंवा ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि लवकर खराब होतं. साबणाचं पाणी पुरेसं आहे.

फूट बॅटन, बेंड, टी, एंड कॅप आणि मोटारीला जोडायची पीसीएन यांतही रबर असतं. तिथलंच बघायचं राहून जातं, आणि गळतीही तिथेच होते.

*३) नोझल: सगळ्यात लहान वस्तू, सगळ्यात मोठा फरक*

सगळे नोझल एका घमेल्यात पाण्यात भिजत घाला. तासाभराने जुन्या ब्रशने घासा. छिद्रात कचरा असेल तर बारीक काडीने काढा. *खिळा, तार, सुई घालू नका.* छिद्र मोठं होतं किंवा कडेला ओरखडा पडतो आणि पाण्याची धार फाटते.

हाताने फिरवून बघा. हातोडीसारखी दांडी मागे ओढून सोडली की स्प्रिंगने झटकन परत आली पाहिजे. स्प्रिंग ढिली किंवा तुटकी असेल तर नोझल एकाच जागी पाणी मारत बसतो. फिरत नाही म्हणून तेल-ग्रीस घालू नका. हा भाग पाण्यावरच फिरतो. तेलाला माती चिकटते आणि आणखी अडकतो. वॉशर झिजला असेल तर वॉशर बदला.

आता झीज. मातीमिश्रित पाण्याने छिद्र दरवर्षी थोडं मोठं होतं. डोळ्याला दिसत नाही. मिस्त्रीकडून ड्रिलचे बिट आणा आणि मागची गुळगुळीत बाजू छिद्रात घालून बघा. मूळ छिद्र ४.४ मिमी असेल आणि त्यात ४.८ चा बिट जात असेल, तर ते छिद्र जवळजवळ १९ टक्के जास्त पाणी ओढतं. असे चार-पाच नोझल सुरुवातीला लागले की टोकाला दाब उरत नाही. असे बदलाच.

आणखी एक चूक बऱ्याच वावरांत दिसते. वेगवेगळ्या मापाचे नोझल एकाच लाईनवर लावलेले असतात. वर माप कोरलेलं असतं, जसं ४.४ × ३.२. एका लाईनवर एकाच मापाचे लावा.

*४) मोटार, स्टार्टर, विहीर*

स्टार्टरची पेटी उघडण्याआधी मेन बंद करा. ऑटो स्विच असेल तर तोही बंद करा. नाहीतर लाईट आली की हात आत असताना मोटार चालू होते. पेटीत पाल, मुंगळे, गांधीलमाशीचं घर, कुरतडलेली वायर असू शकते. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून काही करायचं नाही. अर्थिंगची तार तुटलेली किंवा गंजलेली असेल तर आधी ती करून घ्या. फ्यूज, वायर, अर्थिंग ही कामं वायरमनकडूनच. डीपीवर स्वतः चढायचं नाही.

वरची मोनोब्लॉक मोटार असेल तर फूट व्हॉल्व्हची जाळी आणि झडप बघा. भरलेलं पाणी थोड्या वेळात उतरत असेल तर झडप गळते. विहिरीत एकट्याने उतरू नका. वर दोघे पाहिजेत आणि कमरेला दोर पाहिजे.

पावसाळ्यात डीपी बदलली असेल किंवा केबल परत जोडली असेल, तर फेज उलटे होऊ शकतात. मग मोटार उलटी फिरते. आवाज करते, पाणीही थोडं देते, पण दाब धरत नाही. आपण नोझल बदलत बसतो आणि दोष तिथे असतो. मोटारीवरच्या बाणाप्रमाणे फिरते का ते बघा. बोअरमधल्या किंवा विहिरीतल्या सबमर्सिबलला बाण दिसत नाही. तिथे वायरमनकडून दोन फेज बदलून बघा. ज्या जोडणीत पाणी आणि दाब जास्त, ती बरोबर.

फिल्टर असेल तर जाळी काढून धुवा. फाटली असेल तर बदला. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक पडला, तर जाळी भरली असं समजा.

*५) जोडणी आणि लाईन धुणं*

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग दिवसभर नोझल काढून फुंकत बसतात.

१. पाईप जोडा, रायझर लावा. रायझर ओळंब्यासारखा सरळ उभा पाहिजे. तिरपा असला की नोझल एका बाजूला कमी फिरतो आणि एका अंगाला पाणी जास्त पडतं.
२. *नोझल लावू नका.* शेवटची एंड कॅपही काढून ठेवा.
३. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडासाच उघडा ठेवून मोटार चालू करा. मग हळूहळू उघडा. एकदम उघडला की रिकाम्या लाईनमध्ये पाणी आदळतं, जोड सुटतात, पाईप फुटतो.
४. टोकाला गढूळ पाणी संपून स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू द्या.
५. मोटार बंद करा, एंड कॅप लावा, परत हळू चालू करा. आता रायझरमधून पाणी वर उडेल. दोन-तीन मिनिटं उडू द्या.
६. मोटार बंद करा. आता नोझल लावा.

नोझल ते नोझल १२ मीटर आणि लाईन ते लाईन १२ मीटर, म्हणजे दोन दोन पाईप. ओळ सरकवताना "जरा लांब टाकू, एक शिफ्ट वाचेल" असं करू नका. मध्ये कोरडा पट्टा राहतो आणि तो उन्हाळ्यापर्यंत दिसतो.

*६) दाब बरोबर आहे का?*

या नोझलला साधारण २ ते २.५ किलो दाब लागतो. गेज असेल तर एका रायझरवर नोझलच्या जागी लावून बघा. एकदा मोटारीजवळच्या रायझरवर आणि एकदा शेवटच्या. दोन्हींत २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे जवळ २.५ किलो असेल तर टोकाला निदान २ किलो पाहिजे.

गेज नाही? मग पाणी कसं पडतं ते बघा.
- थेंब मोठे, धार लांब जाऊन एका गोल कड्यात पडते, नोझलजवळ कोरडं: *दाब कमी.*
- पाण्याचं धुकं होतं, वाऱ्याबरोबर उडतं, नोझलच्या जवळजवळच पडतं: *दाब जास्त.*
- बारीक-मध्यम थेंब, जवळपासून टोकापर्यंत भिजतं, नोझल साधारण मिनिटाला एक फेरा मारतो: *बरोबर.*

मोठ्या थेंबांचा आणखी तोटा आहे. आपल्या काळ्या जमिनीवर ते आदळतात, वरचा थर बसतो, पाणी मुरायच्या ऐवजी वाहतं, आणि फूल असेल तर फूलही झडतं.

*७) बादलीचा हिशोब: पाच मिनिटांचं काम*

नोझलच्या दोन्ही तोंडांवर जुन्या नळीचे सैलसर तुकडे घाला, नोझल हाताने धरून ठेवा आणि पाणी १५ लिटरच्या बादलीत सोडा. मोबाईलवर सेकंद मोजा.

४.४ × ३.२ चा नोझल २.५ किलो दाबाला मिनिटाला साधारण २९ लिटर पाणी देतो. म्हणजे बादली ३०-३१ सेकंदात भरते. मोटारीजवळचा नोझल ३१ सेकंद आणि शेवटचा ३४ सेकंद असेल तर चालेल. शेवटचा ४० सेकंदांवर गेला तर लाईनमध्ये दोष आहे किंवा नोझल जास्त झालेत.

नोझल जास्त झालेत म्हणजे काय? १२ नोझलला मिनिटाला साधारण ३५० लिटर पाणी लागतं. मोटार तेवढं पाणी त्या दाबाला देत नसेल तर सगळेच अर्धवट चालतात. अशा वेळी दोन नोझल कमी करा. दहा नीट चाललेले बारा रडणाऱ्यांपेक्षा बरे. आणि लक्षात ठेवा, आता विहिरीला पाणी वर आहे. पौष-माघात पातळी खाली जाईल, मोटारीला पाणी जास्त उंच चढवावं लागेल. आज बारा चालतात म्हणून तेव्हाही बारा चालतील असं नाही. तेव्हा परत बादली लावून बघा.

*८) किती तास चालवायचं?*

१२ × १२ मीटरवर हा नोझल तासाला साधारण १२ मिमी पाणी टाकतो. ३ तासांत ३६ मिमी. चन्याला भारी जमिनीत एका पाळीला एवढं पुष्कळ झालं. "लाईट आहे तर चालू दे" म्हणून सहा-सात तास एकाच जागी ठेवलं तर चना माजतो, फुलं-घाटे कमी धरतो आणि मर वाढते. वर विहीरही लवकर बसते.

खात्री करायची असेल तर चार नोझलच्या मधल्या जागेत सरळ भिंतीचे सारखे डबे सहा-सात ठिकाणी ठेवा. तासाने पोराची पट्टी लावून पाणी मोजा. सगळ्यांत साधारण सारखं पाहिजे. एकात १४ मिमी आणि दुसऱ्यात ६ मिमी निघालं तर अंतर, दाब किंवा वारा, काहीतरी चुकतंय.

आता दिवसांचा हिशोब. एका एकराला साधारण २८ नोझलच्या जागा होतात. १२ नोझलचा सेट, ३ तासांची शिफ्ट, ८ तास लाईट: दिवसाला दोन शिफ्ट, म्हणजे २४ जागा. *पाच एकराला सहा दिवस लागतात.* मध्ये एक दिवस नोझल धुण्यात आणि एक दिवस रबर शोधण्यात गेला तर आठ दिवस. शेवटच्या एकराला तेवढे दिवस ताण बसतो. म्हणून सेट आता तयार पाहिजे. सुरुवातही हलक्या, मुरमाड वावरापासून करा. भारी जमीन दोन-चार दिवस धीर धरते.

*९) चन्याला कधी द्यायचं, कधी नाही*

- पहिलं ओलीत फांद्या फुटताना, साधारण ३० ते ३५ दिवसांनी. जमिनीत ओल असेल तर घाई नको. वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबा. गोळा होत असेल तर थांबा.
- दुसरं ओलीत घाटे भरताना.
- *ऐन फुलोऱ्यात स्प्रिंकलर टाळा.* फूल झडतं. द्यायचंच असेल तर फुलोऱ्याच्या आधी आटपा.
- वारा जोरात असेल तेव्हा बंद ठेवा. पहाटे किंवा संध्याकाळनंतर वारा कमी असतो.
- रात्रीची लाईट असेल तर एकट्याने जाऊ नका. बूट, काठी, चांगली बॅटरी पाहिजे. पाईप सरकवायच्या आधी मोटार बंदच पाहिजे. दाबात असलेला जोड उघडला की पाईप अंगावर येतो.

*थोडक्यात: दोष आणि कारण*

- सगळेच नोझल मंद: मोटार उलटी, फूट व्हॉल्व्ह किंवा फिल्टर भरलेला, किंवा नोझल जास्त.
- फक्त टोकाचे मंद: मध्ये गळती, पाईपात कचरा, किंवा जवळचे नोझल झिजलेले.
- एकच नोझल थांबलेला: कचरा, स्प्रिंग, वॉशर, किंवा रायझर तिरपा.
- मोटार बंद केली की पाणी उतरतं: फूट व्हॉल्व्ह.
- जोडातून कारंजं: रबर, खोबणीतली माती, वाकलेला लॅच.

*आता काय करायचं?*

येत्या आठ दिवसांत एक सकाळ काढा आणि सेट जोडून चालवून बघा. पीक वावरात उभं राहायच्या आधी दोष सापडला तर तो फक्त खर्च असतो, नंतर सापडला तर नुकसान. जोडताना रबर, वॉशर, नोझल किती लागतात ते मोजून ठेवा. एकाच मापाचं सामान सगळ्यांनी मिळून मागवलं तर आपल्या केंद्रावरून एकदम आणता येईल. पाईपाचं माप ६३, ७५ की ९० मिमी ते नक्की लिहा. रबर मापाचंच लागतं.

मोटारीजवळच्या आणि शेवटच्या नोझलला बादली भरायला किती सेकंद लागले, तेवढे दोन आकडे याच नंबरवर पाठवा. सोबत एकूण नोझल आणि मोटारीचा एचपी लिहा. फरक जास्त असेल तर काय बघायचं ते आपण फोनवर सांगू. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवा, चालेल.

आणि हा मेसेज शेजारच्या धुऱ्यावरच्या शेतकऱ्यालाही पाठवा. तो सभासद नसला तरी पाठवा. तारेखाली पाईप उभा करायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असायलाच पाहिजे.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग